डाव्या चाकाचे सहा बोल्ट

५ नोव्हेंबर १९४६
लॉरी आली! लष्कराच्या लिलावातली, अमेरिकन. कोहमाऱ्यात अशी दुसरी नाही. बैलजोडी विकली याचं वाईट वाटत नाही. (जरा वाटतं.) चोरीची भीती नको म्हणून घराच्या दाराला अगदी खेटून लावली. सध्या आत जायचं तर गोठ्यातून. दोन दिवसांचा प्रश्न.
देवकाला सातवा सरत आला. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्याकडे; तिला आमगावहून मोटारीनं आणणार. तिच्या सासऱ्यांना तसं पत्र टाकलं. धनवंता म्हणाली, "बिसरामची रेंगी आहे ना. पोरगी तणसावर आरामात येईल." लष्करी लॉरी दारात असताना बायको बैलांची रेंगी सुचवते. हसलो.

६ नोव्हेंबर, सकाळी
डावं पुढचं चाक बसलं. पंक्चर. चाक काढणं सोपं. सहा नट.

६ नोव्हेंबर, दुपारी
नट फार घट्ट. पान्याला लांब पाइप लावला. बिसराम लोहार बघत उभा होता. म्हणाला, "केशोभाऊ, असा फिरून नाही राहिला, तं उलटा फिरवून पाहा ना." त्याला बैलगाडीचं कळतं. यंत्र वेगळं. पाइपावर उभा राहिलो.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
सहाही बोल्ट तुटले. अमेरिकन लोखंड कच्चं.

९ नोव्हेंबर
गोंदियाला जाऊन आलो. बोल्ट निवडणं ही एक विद्या आहे. जाडी सुतळीनं मोजून नेली होती. दुकानदार चुन्नीलाल विचारतो, "फाटक के लिए चाहिए या गाडी के लिए?" चार गिऱ्हाइकांपुढे अज्ञान दाखवणं बरं नव्हे. म्हणालो, दोन्हीला चालतील असे द्या. फार चकचकीत निघाले.

१२ नोव्हेंबर
पंक्चर काढून बोल्ट बसवले. सैल होते, सुतळी गुंडाळली. इंजिन सुरू. लॉरी हलली! दारापासून सुटणार तोच डावं चाक एकटंच निघालं आणि धानाच्या पुंजण्यात जाऊन थांबलं. लॉरी कलंडून खिडकीवर टेकली. आता दारासोबत खिडकीही बंद. घरात दिवसा कंदील.
धनवंता म्हणाली, "लॉरी तुमी घेतली का लॉरीनं तुमाले घेतलं?" कंदिलाची काच पुसायला घेतली.

१६ नोव्हेंबर
रायपूरकडे जाणारा ड्रायव्हर श्यामलाल नाक्यावर भेटला. त्याला आणून दाखवलं. बराच वेळ हसत होता. "बाबूजी, इसमें बायीं तरफ के आटे उल्टे रहते हैं. खोलने को जाओगे, और कसेगा." बिसराम शेजारीच होता. तो एक शब्द बोलला नाही, हे मला आवडलं नाही. फाटकाचे बोल्ट मऊ असतात म्हणे. उलट्या आट्यांचे पोलादी नागपूरलाच मिळतील. सहा मागवले.
संकल्प: यापुढे कुणाला विचारल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही.

१७ नोव्हेंबर
देवकाला आठवा लागला. आठव्यात पोटुशी बाईला हलवत नाहीत. एका अर्थी बरंच, मला महिना मिळाला. धनवंतानं डिंकाचे लाडू डब्यात भरले, डबा फळीवर ठेवला आणि चुलीकडे तोंड करून बसली.

१८ डिसेंबर
बोल्ट नाहीत. रिकामं बसण्यापेक्षा उजव्या चाकाचे नट तपासून घ्यावेत. आता अनुभव आहे. उलटे फिरवले. पाइप लावून.

१८ डिसेंबर, थोड्या वेळानं
उजव्या बाजूला सुलटे असतात. हे श्यामलालनं सांगायला हवं होतं.

२ जानेवारी १९४७
पार्सल आलं. उत्तम बोल्ट. सहाही डावीकडचे. उजवीकडचे सहा तुटलेले तसेच. पुन्हा पत्र टाकलं. धनवंताला म्हटलं, फक्त आठ दिवस. ती बिसरामच्या रेंगीत तणस पसरत होती. "नववा भरत आला. पोरीले आता नाही हलवता येत. मीच जाऊन राहिली आमगावले." लाडवांचा डबा मांडीवर घेतला. मी म्हणालो, मागून मोटारीनं निघतो, वाटेतच गाठतो. बिसरामनं चाकाची लाकडी खुंटी हातानं ठोकून पाहिली आणि बैल हाकले.
रेंगीला एकही बोल्ट नाही. आजच पाहिलं.

७ जानेवारी
देवकासाठी खाट टाकून ठेवली होती, खिडकीशी. खिडकीत लॉरी. कंदील न लावता तिथंच बसलो.

११ जानेवारी
आमगावहून परतलेला बिसराम गोठ्यातून वाकून आत आला. "नातीन झाली, केशोभाऊ. दोघीबी बऱ्या आहेत. चाल, रेंगी उभी आहे." पार्सलपर्यंत थांबावं असं क्षणभर मनात आलं, हे फक्त इथं लिहितो.

१३ जानेवारी, आमगाव
वाटेत एक मुक्काम करून पोचलो. देवकानं पडल्या पडल्या विचारलं, "बाबा, मोटारीनं आले?" म्हटलं, मोटार तयारच आहे, बोल्टांचं तेवढं राहिलंय. ती हसली. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.
धनवंतानं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं माझं बोट मुठीत पकडलं. पक्कं. सोडवायला कुठून फिरवावं ते कळेना. दारात बिसराम उभा होता, त्याला विचारता आलं असतं.
विचारलं नाही. हातही हलवला नाही.