गोम घरातच सापडली

न्हाई माय, डोकं फिरलेलं न्हाई माझं. सत्तरीला टेकलेली बाई चप्पूवर बसून पाण्याच्या मधोमध कावून जाती, अन् तिथं पडक्या भिताडाच्या भेगांत बॅटरी कावून मारती, हे तू इचारायच्या आधीच सांगते, म्हंजी मधीमधी तोंड घालायची न्हाईस. कामाला गेलते. कामच हाय ते. सून म्हणती, "आत्याबाई, लोकं हसतेत." हसू दे. लोकांला दुसरा धंदा काय हाय?

तुला पाण्याचं ठावं न्हाई. तू डोळे मिटलेस तवा धरणाच्या नुसत्या बाता व्हत्या. मंग धरण झालं, गाव उठलं, आमाला वर सडकेला नेऊन बसवलं. दारं, कड्या, माळवदाची लाकडं, सगळं बैलगाडीत घालून नेलं. भिताडं कोण नेतंय? पण आपल्या गावाची पांढरी, घरं व्हती ती टेकाडाची जागा, उंच. पाणी चढलं, सगळं बुडालं, अन् पांढरीचं टकुरं तेवढं वर ऱ्हायलं. आता त्येला बेट म्हणतेत. चार बाभळी, एक लिंब, बगळ्यांची घाण, अन् आपल्या घराचं कमरेएवढं भिताड. उन्हाळ्यात पाणी हटतं तवा शेरडं चालत जातेत. बाकी टायमाला मासे धरणाऱ्याच्या थर्माकोलच्या चप्पूवर बसायचं अन् हालायचं न्हाई.

औंदा एक पोरगी आली. कालेजात शिकवती, समदे तिला मॅडम म्हणतेत. पाण्याकाठी लोकं जमवून म्हणली, पक्ष्यांचे फोटू सगळेच काढतेत, तुमी मला बारकी जितराबं दाखवा. किडे, कोळी, गोमी. फोनात फोटू काढायचा, कुठं दिसलं ते आपोआप लागतंय, वर तपासणारे बघतेत, खरं निघालं की नकाशावर ठिपका पडतो. बेटावर म्हणली एक बी ठिपका न्हाई, तिकडं कुणी जातच न्हाई. मी मागं उभी व्हते. म्हणलं, "लांब पायाची गोम चालंल का? भिताडावर पळती ती, पायच पाय असत्यात?"

तिचे डोळे हे एवढे झाले. "आजी, तिथं? जिथं माणूसच राहत नाही तिथं? ती तर घरातली गोम."

"दिसली तर दाखविते," म्हणलं अन् घरी आले. पण झोप कुठली लागती!

ती गोम मला दाखवली कुणी? तूच. हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडलाय, आपण ऊसतोडीवरून माघारी आलोय. गाडी दारात, भांडी गाडीत, समद्यांची हाडं खिळखिळी झालेली. अन् तू कुलूप काढून उंबऱ्यात आडवा हात लावून उभी. "कुणी आत जायाचं न्हाई. आधी बघू द्या, आपल्या माघारी कोण कोण ऱ्हायलंय." दादा, तुझे धनी, बैलं सोडता सोडता वरडतेत, "आता काय पाव्हण्यांला च्या करतीस का?" तू म्हणतीस, "करते की. तुमी दूध आणा." अन् एकेक कोपरा बघत बोटावर मोजतीस: पाल हाय, उंदीर झालेत, कोळ्यानं कणगी धरलीय, इचू न्हाई दिसत. चुलीमागं भिताडावर ती गोम. मी चप्पल उगारते. तू माझं मनगट असं धरतीस की बांगडी फुटती. "खाली ठिव. आपण न्हवतो तवा झुरळं कुणी खाल्ली? तू खाल्लीस का?" समद्यांम्होरं बोललीस. नवी बांगडी व्हती माय. लई राग आलता मला, आज बी येतो, खोटं कावून बोलू?

तर गेले. सुनेला संगं घेतलं, कारण फोन तिचा. चप्पूवर ती देवाचं नाव घेत बसली. म्हणलं, "भिऊ नको गं, खाली आपली पांदच हाय. बुडालीस तर सरळ वाटंला लागशील." भिताडाच्या भेगंत बॅटरी मारली अन् गोम सर्रकन भायेर! सून किंचाळली, फोन हालला, तरी फोटू आला. मी टाळ्या पिटल्या, माय. एकटीनं, त्या बाभळीखाली, पोरीवानी.

पाठवला. उत्तर आलं, नामंजूर. काय तर, जागा चुकली हाय, हा प्राणी पाण्यात ऱ्हात न्हाई. सुनेनं नकाशा काढून दाखवला. सगळं निळं. पांढरी न्हाई, लिंब न्हाई, तुझं घर न्हाई. तिथं कवा जिमीन व्हती असं बी वाटू नये.

तवा माझं टाळकं सटकलं. मॅडमला फोन लावला. "मी काय मासा धरलाय का?"

"आजी, नकाशात तिथं पाणी दाखवतंय, मी काय करू?"

"नकाशा काढणाऱ्याला म्हणावं, चप्पल हातात घे अन् इकडं ये."

ती हसली. म्हणली, "मीच येते. पण गोम परत दिसली पाहिजे, अन् मागं जमीन दिसली पाहिजे. नाही दिसली तर माझ्या हातात काही नाही."

मला गोमीचं काय पडलंय? मला त्यो ठिपका पायजे व्हता. गाव उठलं तवा कागदावरनं गेलं ते गेलं. आता त्या निळ्यात एक बारका ठिपका पडायचा व्हता, अन् त्यो बी खोडला.

गेलो दोघी. सगळ्या भेगा धुंडाळल्या, गोम काय दिसंना. ऊन चढलं. मी भिताडाला शिव्या द्यायला लागले. मॅडम म्हणली, "तुम्ही आधी गप बसा हो. तुमच्या आवाजानंच पळाली असंल." बसले. मला गप बसवणारी तुझ्यामागं हीच. मंग तिनंच वाकून एक दगड हळूच उचलला, अन् वरडली माझ्याहून जोरात, "दोन! आजी, दोन हायेत! एक बारकं पिल्लू! इथंच वाढतायत ही!" मी बी वरडले. खाली चप्पूवाला इचारतोय, "काय सोनं घावलं का?" म्हणलं, "तुझ्या बापाला घावलं न्हाई असलं!" फोटूत गोम, मागं लिंब, त्याच्यामागं पाणी, अन् मधी मी उभी, पदर सुटलेला. असू दे.

तिथंच बसून ती फोनात भराय लागली. मधीच थांबली. "आजी, इथं विचारलंय, घरात दिसली का बाहेर? बाहेर टाकते."

"भायेर कावून?"

"छप्पर नाही, दार नाही..."

"छप्पर आमी काढून नेलं, दार आमी काढून नेलं. तू बसलीस ती वसरी हाय. तुझी पिशवी पडलीय तिथं माझी माय भाकरी थापायची. अन् तू उचललास त्यो चुलीमागचा दगड. भायेर कसं?"

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "तपासणारे विचारतील, आजी."

"इचारू दे. माझा नंबर दे."

तिनं 'घरात' लावलं.

मंग वाट बघणं. मला वाट बघता येत न्हाई, तुला ठावं हाय. सुनेला जीव नको केला, बघ गं, बघ गं. परवा ती पिठाच्या हातानंच पळत आली. मंजूर! समदं निळं, अन् मधी एक ठिपका. त्येच्यावर बोट ठिवलं की गोम उघडती, अन् खाली लिहिलेलं येतं: घरात. सगळ्या दुनियेला दिसतंय, माय. जो कुणी बोट ठिवंल त्येला.

हे पत्र काय पेटीत टाकायचं न्हाई. सून इचारती कुणाला लिहिताव, तर म्हणलं, तुझं काम बघ. एक कबूल करते. त्या गोमीची मला अजून शिसारी येती. मॅडम म्हणली, जवळून बघा किती सुंदर हाय, तर मी दोन हात लांबूनच मान हलवली. अन् मॅडम चप्पूकडं उतरली तवा मी वसरीत जरा एकटीच ऱ्हायले, तिथं काय बोलले ते सांगणार न्हाई. तुला बी न्हाई. बास.