पोचल्याचा मिस कॉल

पिरंगुट,
मे २००९

प्रिय किमू,

ब्लाउजची घडी उघडताना हे हाताला लागलं म्हणून दचकू नकोस. आधी दार लाव, मग वाच. लग्नाचा ब्लाउज किमयाच्याच हातात द्या, असं मी केशरबाईंना बजावलं होतं. शिवणारी बाई ती, तिला वाटेल मावशीनं आहेराचं काहीतरी गुपित ठेवलंय. वाटू दे.

लग्न महिन्यावर आलं. तुझी आई सकाळ-संध्याकाळ फोन करून आचाऱ्यापासून अक्षतांपर्यंत सगळं माझ्या कानात ओतते. आमच्याकडे तुझ्या एकनाथकाकांनी तर आत्तापासून रजेचा अर्ज टाकलाय. आणि मला मात्र अन्न गोड लागत नाही. तुझ्या काळजीनं लागत नाही. का, ते सांगायलाच बसलेय, पण मला मेलीला सरळ मुद्द्यावर कधी येता आलंय? तेव्हा जरा दमानं घे.

माझं काम तुला ठाऊक आहे. कॉलेजातल्या पोरापोरींशी त्यांच्या प्रेमाबिमाबद्दल बोलायचं, त्यात मारहाण, धाक, फोनवरून आणि इंटरनेटवरून छळ किती होतो ते संस्थेच्या अभ्यासासाठी लिहून आणायचं. मावशी लोकांच्या भानगडी विचारायचा पगार घेते, म्हणून तूच हसायचीस. सुरुवातीला माझ्या हाती काही म्हणजे काही लागलं नाही. छळ होतो का, विचारलं की पोरी मान हलवायच्या. न्हाई वो मॅडम, लई चांगला हाय त्यो. मग एकदा उरवड्यात मी वैतागून एकीला म्हटलं, बरं बाई, त्याचा फोन नाही उचललास तर काय होतं गं? मग ती जी बोलायला लागली, की चहा गार होऊन वर साय धरली. गाडीत चढली की मिस कॉल, उतरली की मिस कॉल, घरात पाय टाकला की मिस कॉल. एखादा चुकला की आईबापावरून शिव्या. पासवर्ड त्याच्याकडे. वर म्हणते कशी, हात न्हाई वो उचलत, दंड तेवढा आवळतोय. शेवटी तिनं सोडायचं ठरवलं, तर त्यानं ऑर्कुटवर तिच्या नावानं घाणेरडं पान काढलं आणि खाली तिचा नंबर टाकला. कुठल्या कुठल्या पुरुषांचे फोन यायला लागले. बापानं काय केलं असेल? त्या पोराची गचांडी धरली असेल? कसलं काय! पोरीचा फोन जमिनीवर आपटला आणि कॉलेज बंद केलं. पोरी तोंड का उघडत नाहीत ते मला तेव्हा कळलं. त्याला जितक्या भितात तितक्याच घरच्यांना भितात.

ती बोलत होती आणि मला तू दिसत होतीस. साखरपुड्यात तुझा फोन सारखा वाजायचा आणि तू ताट सोडून उठायचीस. आम्ही सगळ्या बाया खिदळत होतो. ताई कौतुकानं सांगत होती, आमचे पियूषराव भारी काळजी करतात हो, पोरगी ऑफिसात पोचल्याचा मिस कॉल आल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत.

मग आपण सगळे ताम्हिणीला गेलो. घाटात रेंज गेली आणि तुझं तोंड उतरलं. ढाब्यावर सगळे पिठलं-भाकरीवर तुटून पडले आणि तू फोन उंच धरून रस्त्यानं वरखाली. मी म्हटलं, जेव की गं, फोन काय पळून जातोय? तू म्हणालीस, मावशी, निघूया ना लवकर. पौडजवळ रेंज आली तेव्हा तू आधी घाईघाईनं त्याला मिस कॉल दिलास. मी ते बघितलं.

त्याच दुपारी तुझ्या ऑर्कुटवरून वेदांतला तो घाणेरडा स्क्रॅप गेला. सख्ख्या मामेभावाला, तेही चारचौघांना दिसेल असा. तुझ्या मामानं तुमच्याकडे येणं टाकलं, ताईनं तुला नाही नाही ते सुनावलं, आणि तू मान खाली घालून म्हणालीस, मीच लिहिला, रागात लिहिला. अगं वेडे, त्या दुपारी तू माझ्या शेजारी बसली होतीस! ताम्हिणीच्या ढाब्यावर तुला कॉम्प्युटर कुणी आणून दिला? पासवर्ड ज्याच्याकडे, त्याचं पाप डोक्यावर घेऊन उभी राहिलीस, आणि मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले नाही, कारण तुझ्या डोळ्यांत नको नको दिसत होतं.

परवा माझ्याकडे केळवणाला आलीस ती पूर्ण बाह्यांत. मे महिन्यात! मोरीत हात धुताना बाही वर सरकली आणि दंडावरची चार बोटं मी पाहिली. बसच्या दाराला लागलं म्हणालीस. बसच्या दाराला बोटं नसतात, किमू. नंतर पुरणपोळी वाढताना मला रडू आवरेना, धूर डोळ्यात गेला म्हणाले. गॅसच्या शेगडीला कसला आलाय धूर! खोटं बोलण्यात आपण मावशी-भाची सारख्याच कच्च्या.

संस्थेतल्या आमच्या बाई सांगतात, मुलीला सल्ला द्यायचा नाही, तिचं तिला ठरवू द्यायचं. म्हणून लग्न मोड असं मी म्हणत नाही. जीभ चावून गप्प बसलेय. पण पत्रिका वाटल्यात, लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी बोहल्यावर चढू नकोस. वाटलेल्या पत्रिका लोक रद्दीत घालतात. आणि हेही ऐक. तू काहीही सांगितलंस तरी तुझी नोकरी, तुझा फोन, कशालाच कुणाला हात लावू देणार नाही. ताईशी भांडायला मी समर्थ आहे, लहानपणापासून सराव आहे.

आता कागदावर का लिहिलं ते. तुला फोन करावा तर पियूष नंबर तपासतो, मेसेज करावा तर तो वाचतो, मेल आणि ऑर्कुट तर त्याच्याच हातात. तुझ्यापर्यंत यायला त्याची नजर चुकवणारी वाट उरली होती ती केशरबाईंच्या शिलाईची. वाचून झालं की फाडून टाक. तुमच्या घोटावड्यात जनार्दनच्या किराणा दुकानाबाहेर रुपया टाकायच्या फोनचा लाल डबा आहे ना, त्याचा नंबर मी माझ्या फोनात तुझ्या नावानं घालून ठेवलाय. तुला वाटेल तेव्हा, आज, हळदीच्या दिवशी, अगदी अंतरपाट धरायच्या तासभर आधीसुद्धा, तिथून मला रिंग दे आणि ठेव. मी उचलणार नाही, काही विचारणारही नाही. काकांनी गाडीत डिझेल भरून ठेवलंय, त्यांना मी सगळं सांगितलंय. आजवर पोचलीस की मिस कॉल देत आलीस. हा एक दे, मी पोचते.

तुझीच,
सुलूमावशी