उडता, मुखवट्या आणि कॉलरमधला दोरा

चि. धाकट्यास,

थोरल्याचा आशीर्वाद. (तू त्रेचाळीस वर्षांचा झालास, तरी पत्रात चिरंजीवच. गावच्या शाळेत गुरुजींनी तसंच शिकवलं, आणि चौदा महिन्यांच्या अबोल्याने ते बदलत नाही.) इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक. तुझी पाठ कशी आहे? त्या कारखान्यात दिवसभर उभं राहून कापड कापावं लागतं असं ऐकतो. कुणाकडून ऐकतो ते सांगणार नाही, कारण या पत्राचा विषयच मुळी कोण कुणाला काय कळवतं हा आहे.

तर गेल्या महिन्यात तुझी पुतणी दुकानात काज करता करता मोबाइलकडे बघून डोळे पुसताना सापडली. बापाला जी शंका यायची ती आली. मोबाइल मागितला, तर तिने निमूट दिला (इथे शंका वाढली). आत निघाली गोष्ट. कॉमिकमधले ते दोन जगप्रसिद्ध वीर आहेत ना, त्यांची. नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी एकाला उडता म्हणतो आणि दुसऱ्याला मुखवट्या. पण ही गोष्ट पुस्तकवाल्यांची नव्हे. वाचकच टोपणनावाने, आपल्या मनाने, फुकट पुढचं लिहितात आणि बाकीचे वाचक खाली भांडतात. मूळ पुस्तकांत हे दोघे जग वाचवतात. इथे जग गेलं खड्ड्यात; दोघे एकमेकांशी का बोलत नाहीत, एवढाच प्रश्न. मी उभ्या उभ्या चार भाग वाचले. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय तसाच राहिला.

आता नीट वाच. उडता थोरला, शिस्तीचा, जरा तोंडाळ. मुखवट्या धाकटा, हाताचा कुशल, मनात धरून बसणारा. एकदा उडता चारचौघांत त्याला म्हणतो, "तुला साधं उडता येत नाही, तू कसला वीर!" आणि मुखवट्या सामान उचलून चालता होतो. मी तुला गिऱ्हाइकांसमोर काय म्हणालो होतो? "तुला साधी कात्री धरता येत नाही, तू कसला शिंपी!" तरी म्हटलं, असेल योगायोग, जगात थोरले पुष्कळ आहेत. पण पुढे सामानात चुकून आलेला उडत्याचा फाटका झगा मुखवट्या रफू करायला घेतो, तर कॉलरच्या आत त्याच रंगाचा जादा दोरा गुंडाळून ठेवलेला. पुढेमागे उसवलं तर रंग जुळावा म्हणून! धाकट्या, ही आपल्या बाबांची रीत. ते गेल्यावर ती ठाऊक असलेली माणसं दोनच, तू आणि मी. मी तर लिहिलेलं नाही.

म्हणून सापळा लावला. तुझं मशीन शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे हलवलं आणि घरात सांगितलं, विकून टाकलं. (खोटं बोलल्याबद्दल देवाची क्षमा त्याच संध्याकाळी मागितली. देवाचं मिटलं असावं. इस्त्रीवाला मात्र रोज विचारतो, कधी उचलता.) तिसऱ्या दिवशी पाचवा भाग आला: उडत्याने मुखवट्याची लाडकी गाडी भंगारात घातली! खाली वाचक उडत्याला नाही नाही ते बोलत होते. मला राहवेना. 'एक तटस्थ वाचक' या नावाने लिहिलं, की उडत्याचीही काही बाजू असेल. लगेच उत्तर, "काका, तुम्हीच उडता का?"

म्हणजे लिहितोस तू, आणि बातम्या जातात माझ्या घरातून. पुतणीला दरडावलं, तर म्हणते, "बाबा, काहीतरीच!" तुझी वहिनी बाही उसवत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "भावजींना कुठला आलाय वेळ?" आता तुझा वेळ तिला कसा ठाऊक? शेवटचा भाग या रविवारी आहे, आणि एकंदर रोख पाहता दोघे कायमचे वेगळे होणार. तेव्हा एकच विचारतो, खरं सांग. लिहिणारा तूच ना?

तुझा,
थोरला

ता.क. मशीन विकलेलं नाही. दर आठवड्याला तेल घालतो. याचा भलता अर्थ काढू नकोस, गंज चढू नये एवढाच हेतू.

ता.क. २. पत्र शुद्धलेखनासाठी वहिनीला दाखवलं. तिने काना-मात्रेला हात लावला नाही. फक्त शेवटी बोट ठेवून म्हणाली, "कायमचे वेगळे होणार असं कशाला लिहिलंत? माझं अजून ठरलेलं नाही." मी खुर्चीत बसलो. वीस वर्षं आपल्या दुकानातल्या कॉलरी तीच बसवते, हे माणसं मोजताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ता.क. ३. तुझ्यावरचा संशय मागे घेतो. पत्र फाडणार होतो, तर तिने हातातून काढून घेतलं. म्हणते, "एवढं लांबलचक लिहिलंत आणि माफीचा एक शब्द नाही. असल्या उडत्याकडे मुखवट्याला परत पाठवायला माझा हात धजत नाही." तर लिहितो. कात्रीवरून बोललो ते चुकलो. तुझ्यासारखा हात आपल्या घराण्यात कुणाचा नाही, माझाही नाही. शनिवारपर्यंत ये. रजा नसेल तर निदान फोन कर, पण वहिनीला कर, शेवट तिने लिहायचा आहे. मी तिच्या शेजारीच उभा असेन.