पांदणीवरची चाळीस मिनिटं

१२ नोव्हें.
धाकटा भाऊ विनू जाऊन काल दोन महिने झाले. पिकअप तेव्हापासून गोठ्याशेजारी उभी आहे. किल्ली दिलीपकडे होती, आज मागून घेतली. कशाला पाहिजे, हे त्याने विचारले नाही. विचारायला हवे होते.

माझ्या बायकोचा, मंदाचा, सख्खा भाऊ तो, आपल्याच ताटात जेवणारा. बोलायचे कसे?

पुन्हा लिहून ठेवतो. फवारता फवारता विनूला भोवळ आली. दिलीपने त्याला गाडीत मागे निजवले आणि चार वाजता शेतातून निघाला. सखूबाई तिथेच निंदत होती, तिने पाहिले. पांदणीच्या कच्च्या वाटेवर रेंज नाही, डांबरीवर येते. डांबरीवरून त्याचा फोन मला ५.३२ ला. मोबाईलमध्ये अजून आहे. पांदण सात किलोमीटर. माझी मोटारसायकल वीस मिनिटांत जाते.

म्हणतो, "गाडी चालूनच नव्हती राह्यली, भाऊजी." एवढेच. दोन महिने एवढेच.

१५ नोव्हें.
गाडी कळंबला रफीकभाई मेकॅनिककडे नेली. सगळ्यांना सांगितले की वाडीत ही एकच चारचाकी, पुढच्या फवारणीत कोणी पडले तर पांदणीवर पळाली पाहिजे. हे खरे आहे. पण गाडी उघडल्यावर काही दिसेल, हेही मनात होते.

रफीकभाई हसला. "रेस लावनी है क्या, गुरुजी? म्हातारपनी?"

मी म्हणालो, चाळीसच्या स्पीडने जावी आणि मागे निजलेला माणूस उडू नये. मग हसला नाही. गाडीखाली गेला. बराच वेळ तिथेच.

इंजिन चांगले. गिअर, ब्रेक, काही तुटलेले नाही. म्हणजे दिलीप खोटे बोलला. मी एवढे मनात म्हणतो तोवर खालून आवाज आला, "मागच्या स्प्रिंगचे हे दोन पाटे कोनं वाढवले?"

मी. दोन वर्षांपूर्वी, राळेगावला. कापूस भरला की मागून बसायची म्हणून. इकडे सगळेच वाढवतात.

"भरल्या गाडीले ठीक आहे. रिकाम्या गाडीत मांगं मानूस टाकला त लाह्यावानी उडते. ह्या पाट्यावर तुमी काय पळवता?"

त्याला म्हणालो, आज काही काढू नको.

१८ नोव्हें.
रविवार. दिलीपला म्हटले, चल, शेतापासून डांबरीपर्यंत चालव. मी मागे निजतो.

"काहून, भाऊजी?"

"पाहायचं आहे."

त्याचा चेहरा पडला. मग स्टार्टर मारला.

निजलो. खाली एक गोणपाट, विनूच्या खालीही तेवढेच होते. वीसचा स्पीड आला आणि डोके पत्र्यावर आपटले. दोनदा. बेडकी नाल्याच्या उतारावर पूर्ण अंगच वर. मी केबिनवर हात मारला. तो हळू झाला. पुन्हा मारला. आणखी हळू. मी धडधाकट माणूस. विनूला तर ओकाऱ्या होत होत्या.

डांबरीला लागायला चाळीस मिनिटे. तेव्हा ओल होती, म्हणून दहा वाढवली. पन्नास.

त्याला नव्वद लागली होती.

पन्नास माझ्या पाट्यांची. चाळीस कोणाची? रस्ता तोच, गाडी तीच.

खाली उतरल्यावर दिलीपने माझ्या पाठीचा भुसा झटकला. मला ते आवडले नाही.

२ डिसें.
रफीकभाईने दोन्ही वाढीव पाटे काढले. उरलेले जुने झालेत म्हणतो. दुसऱ्या एका गाडीचे लांब, पातळ पाटे आणलेत. लांब पाटा हळू वाकतो आणि हळू सरळ होतो, असे त्याने हाताने दाखवले. शॉकअप प्रत्येक चाकाला जाड. मागे एकेक जास्तीचा. वर चेसिसला ठोकर लागू नये म्हणून मोठे रबर.

"पन कापूस पह्यल्यासारका भरू नका. घसरगुंडी होईन."

कबूल केले. यंदा बोंडअळीने भरण्यासारखे ठेवलेच कुठे आहे.

१० डिसें.
दिलीप रफीकभाईच्या शेडवर आला होता. रफीकभाईला नट-बोल्ट देत बसला. मी गेलो की दोघे गप्प. काय बोलत होते?

रफीकभाईला विचारले. "कुछ नाही, क्रिकेट."

दिलीप क्रिकेट पाहत नाही.

११ जाने.
पहिली चाचणी. रिकामी गाडी, मागे मीच. तीसवर ठीक. पस्तिसाला मागचा भाग डोलायला लागला, होडीसारखा. दिलीप म्हणाला, "आता झोप येईन." पाहायला आलेली मंदा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी हसलो नाही, ते तिने पाहिले.

चौकातला नामदेव म्हणतो, मास्तरची गाडी गाभण म्हशीवानी झुलते.

रफीकभाईने शॉकअप बदलले. चाकांत हवा थोडी कमी केली.

४ मार्च
पांदण कोरडी. चाळीस, कुठे बेचाळीस. नाल्याचा उतार गाडीने गिळला. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन बसलो होतो. अर्धा राहिला. बारा मिनिटे.

रफीकभाई नाल्यावर उभा होता. टाळ्या वाजवल्या त्याने. दिलीप खाली उतरून बोनेटला टेकला आणि रडला. मी जवळ गेलो नाही. बारा मिनिटांसाठी रडतो की चाळीससाठी, कळले नाही.

५ मार्च
मंदा म्हणाली, "तुम्ही त्याले एकदा सरळ इचारत काहून नाही? रोज त्याच्याकडे पोलिसावानी पाह्यता."

विचारले. ओट्यावर, चहा झाल्यावर.

दिलीप कप फिरवत होता. मग म्हणाला, नाल्यावर थांबलो होतो. विनूच्या अंगाला औषधाचा वास येत होता. शर्ट काढला, पाणी टाकून टाकून अंग धुतले.

मी म्हणालो, हे तर बरोबरच केलेस. दवाखान्यातही हेच सांगतात. लपवले कशाला?

"त्याले हिव भरलं. दात वाजत होते. उघडा कसा नेऊ, भाऊजी? तोच शर्ट पुन्हा घालून देला."

औषधाने भिजलेला तोच शर्ट.

"मंग दवाखान्यात नर्सबाई म्हणे, कपडे तिथंच फेकाचे होते. मी म्हनलं, आता हे घरी कोनाले सांगू?"

मंदा आत गेली. त्याला बरे वाटेल असे बोलता आले असते.

६ मार्च
झोप नाही. पटते. पण सहा महिने विचार करून माणूस असेही काही तयार करू शकतो. रफीकभाईला आधीच माहीत होते, आज कबूल केले. म्हणजे मला सोडून सगळ्यांना.

१९ ऑगस्ट
दुपारी सखूबाईचा पोरगा किसन फवारताना पडला. डोळ्यांपुढे अंधार, तोंडाला फेस. दिलीप स्टेअरिंगवर. मी मागे, किसनचे डोके मांडीवर.

चिखल होता, तरी गाडी उडाली नाही. एकदाही केबिनवर हात मारावा लागला नाही.

नाल्यावर दिलीपने गाडी थांबवली. मला न विचारता. दोघांनी किसनचा शर्ट काढला, दिलीपने तो लांब भिरकावला. पाणी ओतले, साबण लावला, पुन्हा पाणी. स्वतःचा कोरडा शर्ट काढून त्याला घातला. डांबरीवर पोचलो तेव्हा दिलीप बनियनवर होता. एकूण एकतीस मिनिटे.

किसन वाचेल म्हणतात. सखूबाईने दवाखान्याच्या पायरीवर दिलीपचे पाय धरले. तो मागे सरला, माझ्याकडे पाहू लागला.

त्याच्याकडे पाहून मान हलवली. मनापासून.

पण नाल्यावर उतरलो तेव्हा माझी नजर घड्याळाकडे गेली होती. निघताना पुन्हा. धुवायला नऊ मिनिटे लागली. चाळीस नाही.

आज आम्ही दोघे होतो. साबण होता. त्या दिवशी तो एकटा, आणि विनू किसनच्या दीडपट जड. एकट्याने खाली उतरवायचा, धुवायचा, पुन्हा वर चढवायचा. किती लागतील? पंधरा? वीस? तीसही लागत असतील.

एकट्याने करून पाहता येईल. विनूच्या वजनाचा माणूस लागेल.

दिलीप ओट्यावर झोपला आहे. मंदाने त्याच्या अंगावर चादर घातली.