शंभरपैकी शंभरचा अध्यक्ष

४ जानेवारी, संध्याकाळ
गोंदियाला ट्रेनिंग झालं. पाणी वापर संस्थेच्या प्रत्येक अध्यक्षाला एक फॉर्म दिला. 'नेतृत्वशैली प्रश्नावली'. वीस प्रश्न, एकेकाला पाच मार्क. सभासदांनी भरला की आपण हुकूमशाही की लोकशाही ते समजतं. मी लोकशाही आहे हे मला न भरताच माहीत आहे. पण २५ तारखेला आमच्या तलावाच्या संस्थेची निवडणूक आहे, आणि आमचाच एक सभासद चंद्रशेखर अध्यक्षपदासाठी गावभर अल्काचं नाव घेऊन राहिला. तेव्हा कागदावर आलेलं बरं. संकल्प: सभेत निकाल वाचून दाखवायचा.

६ जानेवारी
सव्वीस सभासदांना झेरॉक्स वाटल्या. ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या होत्या, लोकांना एकटं भरू द्या. बघू.

९ जानेवारी
एकही परत नाही. बकारामच्या घरी फॉर्मवर मुरमुरे. म्हणे, "आधी माझ्या धानाच्या बांधीत पाणी कवा येते ते सांगा, मंग मार्क देतो." उद्या सोडतो म्हटलं. लगेच पेन्सिल मागितली. याला म्हणतात विश्वास.

१२ जानेवारी
स्वतःच घरोघर. पार्वताबाईला वाचता येत नाही. विचारलं, अध्यक्ष सर्वांचं ऐकतात का? ती सांगू लागली. लांबवत होती, म्हणून मध्येच थांबवून पाच लिहिले. म्हणाली, "तुमालेच लिवायचं आहे त मले कायले विचारून राहिले, भाऊ?" बाई प्रेमळ आहे. बाकीच्यांना एकच सांगितलं: पाच म्हणजे उत्तम. वरून खाली पाचच करत जा.

१५ जानेवारी
सव्वीसही फॉर्म शंभरपैकी शंभर! मॅडमना फोन केला. अभिनंदन नाही. म्हणाल्या, त्यात दहा प्रश्न उलटे आहेत, चौथा वाचा. वाचला. 'अध्यक्ष दुसऱ्याला बोलू देत नाहीत.' सातवा: 'सगळं आधीच ठरवून मग सभा घेतात.' सव्वीस जणांचे पाच-पाच! असले प्रश्न ठेवतात काऊन? फॉर्मचीच शैली खराब.

१८ जानेवारी
खोडरबर घेऊन पुन्हा घरोघर. उलट्या प्रश्नांत पाचाचा एक करा म्हटलं. बकाराम म्हणाला, "ते राहू द्या जी. तेवढं बरोबर आहे." पार्वताबाईने त्या दहांना हात लावू दिला नाही. उरलेले दहा मात्र खोडायला लावले. चौदा घरांत हेच. पुढे गेलोच नाही. गुडघा दुखत होता.
घरी बायको हसून राहिली. यात हसण्यासारखं काय, विचारलं. म्हणे, "बोलू द्याल त सांगीन." तिला सांगितलं, मी थकलो आहे, उद्या बोल.

२५ जानेवारी
सभा. निकाल वाचला नाही, वेळ कमी होता. हात वर करून मतदान. अल्का अध्यक्ष. बायकोचा हात सर्वांत आधी वर.

२७ जानेवारी
अल्काकडे गेलो. पोरगी नवी आहे, संस्था कशी चालवायची ते समजावायला हवं. तिने खुर्ची दिली, चहा ठेवला, म्हणाली, "बोला काकाजी."
बोललो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. तासाभराचं ठरवून गेलो होतो, पाच मिनिटांत संपलं.
"अजून काही सांगायचं?" म्हणाली.
कप उचलला. चहा चांगला होता.