सेकंदाला सदतीस कोटी

४ फेब्रुवारी

गिळली! शिशाच्या डबीतून चिमट्यानं काढलेली गोळी. देणारा माणूस हातात पाण्याचा ग्लास देऊन मागं सरकला आणि तिथूनच म्हणाला, "गिळा, मॅडम." साधी कॅप्सूल, चव काही नाही. मग त्यानं लांबूनच यंत्र माझ्याकडं धरलं, तर ते कडकड वाजायला लागलं! मी वर्गात पोरांना किरणोत्सार शिकवते. फळ्यावर तो कधी वाजला नव्हता.

थायरॉईडनं वर्षभर छळलंय. हात थरथरतात, छाती धडधडते, वजन उतरत चाललंय. आता हे आयोडीन गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसणार आणि तिला जाळणार. बदल्यात तीन आठवडे प्रेमला जवळ घ्यायचं नाही. चौदा महिन्यांचं लेकरू! दूध तर आधीच तोडलं. "लहान मुलाचा गळा हे आयोडीन लगेच ओढून घेतो," डॉक्टर म्हणाले. "तेवढं जपा."

सोलापूर ते तामलवाडी, जीपच्या मागच्या सीटवर एकटी. अंगणापलीकडची बियाण्याची खोली आता माझी.

५ फेब्रुवारी

रणधीर सकाळीच आला. दारापासून लांब उभा. हातात दवाखान्याचे दोन कागद. "शिवकन्या, फसवलं गं आपल्याला! ठरले दहा, आणि कार्डावर तीनशे सत्तर!"

नवरा माझा पदवीधर, पण घाबरला की सगळं विसरतो. दहा मिलिक्युरी म्हणजेच तीनशे सत्तर मेगाबेकरेल. एका मिलिक्युरीचे सदतीस मेगाबेकरेल. वस्तू एकच, मापं दोन. मागून सासूबाई — आमच्या आत्याबाई — म्हणाल्या, "म्हंजे तोळ्याचं ग्रॅम केल्यागत. व्हय?" अगदी तसंच! तो निवांत झाला आणि गेला.

मी मात्र उगाच पुढं गेले. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. म्हणजे माझ्या आत सेकंदाला सदतीस कोटी. हे वाक्य लिहितानासुद्धा! दहा हा आकडा किती गरीब वाटत होता. कशाला केलं रूपांतर?

६ फेब्रुवारी

लग्न झाल्यावर पाळीत बाहेर बसायला मी साफ नकार दिला होता. आत्याबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला. आता बसलेच की बाहेर! आणि त्यांना हे सगळं हातचा मळ. ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरकतात, पाणी वरून ओततात. त्या गोळीवाल्याला यांनीच शिकवलं असेल. कपडे वेगळे धुवा म्हणून मी सांगितलं तर, "मला नगं शिकवू. उमर गेली त्यात." माझे वापरलेले कपडे न्हाणीमागच्या बादलीत असतात.

प्रेम रडतोय. घरातून इथपर्यंत ऐकू येतं.

७ फेब्रुवारी

रडतोच आहे. खिडकी लावून घेतली. मग परत उघडली.

८ फेब्रुवारी

गप्प झाला. एकदम! दुपारभर घरातून नुसता झोळीच्या दोराचा आवाज — कर्र, कर्र.

कान देऊन बसले. भुकेच्या वेळीही रडला नाही. आजारी तर नाही? रणधीर म्हणाला, "मस्त झोपतोय. आईनं काय जादू केली कुणास ठाऊक!" बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बादलीत जांभळी साडी दिसली नाही. दवाखान्यातून आले ती. दुसऱ्या दिवशीपर्यंत तीच अंगावर होती, घामानं चिंब. आत्याबाईंनी धुतली असेल.

१० फेब्रुवारी

प्रेम "आई" म्हणतोय. हाक मारत नव्हता! मांडीवर घेतल्यावर झोपेआधी लाडात बोलतो, तसं. "आई... आई..." मग हसला.

मी इथं आहे. मग तिथं कोण आहे?

आत्याबाई ताट घेऊन आल्या तेव्हा विचारलं, "तुम्हाला म्हणतो का आई?"

"मला कशापायी म्हणंल? त्येची आई हाय की त्येच्याजवळ." हसल्या आणि गेल्या.

स्वतःचेच हात दाबून बघितले. भीती वाटते. कुणाला सांगू?

१२ फेब्रुवारी

आठ दिवस झाले. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. दहाचे पाच, तीनशे सत्तरचे एकशे पंच्याऐंशी. घाम-लघवीतून गेलं ते वेगळंच. उतरतंय, उतरतंय!

घरात उकडतं म्हणून आत्याबाई झोळी अंगणातल्या लिंबाच्या झाडाला बांधतायत. आज लांबून का होईना, दिसेल माझं लेकरू.

१२ फेब्रुवारी, दुपार

झोळी जांभळी आहे.

ओरडले. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, धुतली आस्ती तर तुजा वास गेला आस्ता. आईच्या नेसत्या लुगड्यात लेकरू निजतंय, समदेच करतेत. तू तर न्हाय ना गेलीस जवळ?"

पदराचं टोक चोखून चोखून ओलं झालंय.

साडीत किती होतं, त्याच्या गळ्यात किती गेलं? मिलिक्युरीचे मेगाबेकरेल मला झोपेतही करता येतात. आकडाच नाही.

त्याला सोलापूरला न्यायला रणधीरनं जीप काढलीय. झोळी सोडली तसा प्रेम रडायला लागला. दोन्ही हात खिडकीकडं केलेत त्यानं, आणि मी आतून कडी लावून घेतलीय.