दुसऱ्या तपासणीआधी

सातपूर, नाशिक
१४ ऑगस्ट २००४

प्रिय उज्वले,

तुझी वहिनी म्हणते, सरळ फोन करा की. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? म्हणून हे पत्र. झेंडूची खुरपणी घटकाभर राहू दे आणि बसून वाच.

मी बरा आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार चार तास नुसतं पडून राहायचं. पाणी मोजून प्यायचं, केळं बंद. किडनी देण्यासाठी तुझं रक्त माझ्याशी जुळलं तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. 'देवानं दोन दिल्यात दादा, एक तुझी,' असं म्हणालीस, जणू सायखेड्याहून वानवळाच घेऊन आलीस! मग तुझं प्रेशर एकशे साठ निघालं. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही, महिन्यानं परत बघू. तू दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलीस. मला माझ्यापेक्षा तुझंच वाईट वाटलं गं.

माझी एक गोष्ट तुला गेल्या दिवाळीत फुशारकीनं सांगितली होती, आज शरमेनं सांगतो. एक्क्याण्णव साली कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं प्रेशर निघालं. रोज एक गोळी घ्या म्हणाले. ना डोकं दुखत होतं, ना चक्कर येत होती, कशाला घ्यायची? शिवाय प्रेशरवाला म्हणून मशिनवरून काढून गेटवर बसवतील, ही धास्ती. मग मी शक्कल काढली. तपासणीआधी पंधरा दिवस इमानेइतबारे गोळ्या घ्यायच्या, कागदावर 'फिट' लिहून घ्यायचं आणि पाकीट माळ्यावर टाकायचं. अशी बारा वर्षं काढली! दिवाळीत हे ऐकून तू आणि मी पोट धरधरून हसलो होतो.

पुढं पायांना सूज आली तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. किडनीत बारीक चाळण्या असतात. प्रेशर चढलेलं राहिलं की त्या आतल्या आत खराब होतात, दुखत मुळीच नाही. हृदयालाही त्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो, मग त्याची भिंत जाड होते. गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडतात, चाळणीवरचा आणि हृदयावरचा भार उतरतो. पण रोज घेतली तरच. मी जन्मभराचा फिटर. मशिन चालतंय म्हणून तेल न घालणाऱ्या पोरांवर खेकसायचो, आणि स्वतःच्या बाबतीत असा गाढवपणा केला.

काल तुझे यजमान सोमनाथराव वांगी घेऊन आले होते. कौतुकानं म्हणाले, तुमची बहीण घड्याळ लावून गोळी घेते; तपासणीत पास झाली, किडनी दिली की बंद करणार आहे. माझा घोटभर चहा कपातच राहिला. अगं बये, माझीच शक्कल, आणि तीही माझ्यासाठी? रात्रभर मला तुझा राग येत होता आणि रडूही येत होतं. आज सकाळी दवाखान्यात जाऊन तुझं नाव काढायला लावलं. भांडायला येणार असशील तर ये, मी घरीच आहे. मला कुणाची मिळाली तर मिळेल, नाहीतर डायलिसिस आहेच. तुझ्या दोन्ही तुझ्याजवळच राहू देत. आता तुझी कसलीही तपासणी व्हायची नाही, कुणी आकडा बघणार नाही. तरी उद्या सकाळी गोळी घे. परवाही घे.

तुझाच, अजून तुझ्यावर रागावलेला,
सावळीरामदादा